तेरचे मणी आणि दहापटीचे भिंग

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे, तर इतिहासाच्या अभ्यासकांना 'तगर' म्हणून. गावाभोवती पांढऱ्या मातीची टेकाडे आहेत. जुन्या वस्तीच्या अशा जागेला आपल्याकडे 'पांढरी' म्हणतात. मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, चुलींची राख साठली, खापरे साचली. असे शतकानुशतके घडत गेले की पांढरी तयार होते. पहिल्या जोराच्या पावसाने वरची माती वाहून गेली, की तिच्यातून कधी खापर, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी एखादा मणी उघडा पडतो.

अशा गावातल्या शाळेत एखादा विद्यार्थी मूठ उघडतो आणि विचारतो, "सर, हा कशाचा मणी आहे?" मणी लालसर असतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. दगडाचा की काचेचा? त्याला इतके बारीक भोक कोणी आणि कशाने पाडले? तो किती जुना? या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांची उत्तरे मिळवायला एक चांगले भिंग पुरते. तिसऱ्याचे उत्तर जगातले कोणतेही भिंग देऊ शकत नाही. असे का, हे समजून घेता घेता आम्ही दोन हजार वर्षांच्या एका गमतीदार इतिहासात शिरलो. तो आपल्यासमोर मांडत आहोत.

तगरची बाजारपेठ

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली. 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचे नाव कोणालाच माहीत नाही. भडोचच्या बंदरात माल कोठून येतो हे सांगताना त्याने दख्खनमधली दोन मोठी शहरे नोंदवली आहेत. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून गोमेदासारखा पट्ट्यांचा दगड मोठ्या प्रमाणावर येतो, तर तगरहून साधे कापड, तलम कापड आणि इतर माल येतो, असे तो म्हणतो. हा सगळा माल गाड्यांवर लादून धड वाट नसलेल्या मुलखातून बंदराला पोचत असे.

हे तगर नेमके कोठे, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. कोणी दौलताबाद सुचवले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, त्यामुळे हा प्रश्न राजघराण्यांच्या इतिहासाशीही जोडलेला होता. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात तेरचे वर्णन केले. तिथले त्रिविक्रमाचे मंदिर मूळचे विटांचे बौद्ध चैत्यगृह असावे, हे त्यांच्या लक्षात आले. १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले. पुढे शां. भा. देव आणि इतरांनीही पांढरीचे थर उकलले.

पण त्याआधीपासून गावातलेच एक गृहस्थ, रामलिंगप्पा लामतुरे, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू जपून ठेवत होते. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे वस्तुसंग्रहालय तेरमध्ये आहे. तिथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधी समुद्रापार गेलेली होती. आणि याच संग्रहालयात मणी आहेत: अकीकाचे, स्फटिकाचे, शंखाचे, काचेचे, भाजलेल्या मातीचे.

गारगोटीचा मणी

दख्खनचे पठार लाव्हाच्या थरांनी बनले आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या. सिलिका विरघळलेले पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि हळूहळू त्या भरून आल्या. शेतात, नदीच्या पात्रात मिळणाऱ्या गारगोट्या अशाच जन्मल्या आहेत. पट्टे असलेली गारगोटी म्हणजे अकीक. तिच्यातल्या लोहाच्या अंशामुळे ती तापवली की तांबूस-लाल होते. लाल अकीकाचे मणी करणारे कारागीर ही युक्ती हजारो वर्षांपासून वापरत आले आहेत.

हा दगड भलताच कठीण आहे. मोह्‌जच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक साडेसहा ते सात आहे. साध्या पोलादाच्या टोकाने त्याच्यावर ओरखडादेखील उठत नाही. मग मण्याच्या आरपार भोक कसे पाडले असेल?

या प्रश्नाचा पाठपुरावा दोन अमेरिकन दंतवैद्यांनी केला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. लिओनार्ड गोरेलिक आणि ए. जॉन ग्विनेट ही त्यांची नावे. दातांचा साचा घेण्यासाठी जे रबरासारखे द्रव्य वापरतात, ते त्यांनी प्राचीन मण्यांच्या भोकात भरले. ते घट्ट झाल्यावर बाहेर ओढून काढले. आता भोकाच्या आतल्या भिंतीची हुबेहूब प्रतिकृती त्यांच्या हातात होती आणि मणी शाबूत होता. ही प्रतिकृती त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. दगडाची किंवा तांब्याची सळई आणि कुरुंदाची भुकटी वापरून पाडलेल्या भोकात एक प्रकारच्या खुणा दिसतात. हिऱ्याच्या कणीने पाडलेल्या भोकात मात्र स्क्रूच्या आट्यांसारख्या एकाआड एक, नियमित वर्तुळाकार रेषा उमटतात. १९८८ मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखाचा विषयच 'भारताकडून रोमकडे गेलेले हिऱ्याचे तंत्र' असा होता.

याला दोन बाजूंनी पुष्टी मिळते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकातच मरण पावलेला रोमन लेखक प्लिनी लिहितो, की हिरा फुटला की त्याच्या जेमतेम दिसतील इतक्या बारीक कपच्या होतात. कोरीव काम करणारे त्या लोखंडात बसवतात आणि कितीही कठीण दगड कोरतात. दुसरा पुरावा तर जिवंत आहे. गुजरातमधल्या खंभातच्या कारागिरांच्या सामत्याला टोकाशी हिऱ्याच्या दोन कण्या बसवलेल्या असतात. कमानीने सामता फिरवायचा, थेंब थेंब पाणी सोडायचे आणि अर्धे भोक एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने पाडायचे. दोन्ही भोके मध्यावर भेटतात. ती जराशी चुकली तर तिथे एक सूक्ष्म पायरी राहते. कारागिराच्या हाताची ती सही म्हणायला हरकत नाही.

भिंग नव्हते, मग?

इतके बारीक काम भिंगाशिवाय होईल कसे, असा प्रश्न हटकून विचारला जातो. त्याला जोडूनच एक उत्तर दिले जाते: "प्राचीनांकडे भिंगे असलीच पाहिजेत, ती आपल्याला सापडली नाहीत इतकेच." ऐकायला हे बरे वाटते. पण 'असलीच पाहिजेत' हा पुरावा नव्हे. म्हणून जे सापडले आहे आणि जे लिहिलेले आहे, तेच आधी पाहू.

इराकमधल्या निमरूद येथे ऑस्टिन लेयार्ड यांना १८५० मध्ये स्फटिकाची घासलेली एक चकती सापडली. ती एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर आहे आणि ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या आसपासची आहे. तिचे नाभीय अंतर सुमारे १२ सें. मी. आहे. म्हणजे ती भिंगासारखी वापरता येते. पण ती त्यासाठी घडवली होती, की लाकडी सामानावर जडवायला, हा वाद अजून मिटलेला नाही. रोमन लेखक सेनेका पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून अक्षरे मोठी दिसतात असे लिहितो. आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांत उन्हात धरला असता अग्नी निर्माण करणारा 'सूर्यकान्त' मणी येतो. म्हणजे फुगीर पारदर्शक वस्तूने किरण एकत्र येतात, हे ठाऊक होते. परंतु कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' असो की वराहमिहिराची 'बृहत्संहिता', रत्नाची परीक्षा सांगताना भर आहे तो रंग, तेज, वजन, घाट आणि निर्मळपणा यांवर. हे सारे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे गुण आहेत.

मग बारीक काम कसे होत होते? याचे उत्तर आपल्या डोळ्यातच आहे. प्रौढ माणसाला वस्तू स्पष्ट दिसण्याचे जवळचे अंतर आपण २५ सें. मी. धरतो. दहा वर्षांच्या मुलाला मात्र सात-आठ सें. मी. वरची वस्तूही स्पष्ट दिसते. वस्तू जितकी जवळ, तितकी तिची डोळ्यातली प्रतिमा मोठी. २५ ला ७ ने भागले तर साडेतीन येतात. म्हणजे आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे साडेतीनपट भिंग जन्मतःच आहे! ज्याचा चष्म्याचा नंबर उणे दहा आहे, त्याला चष्मा काढल्यावर दूरचे काही नीट दिसत नाही, पण १० सें. मी. वरचे उत्तम दिसते, तेही डोळ्यांना ताण न देता. आपले दंतवैद्य गोरेलिक आणि ग्विनेट यांनी १९८१ मध्ये नेमकी हीच शक्यता मांडली होती: जवळची दृष्टी असणारी माणसे अशा धंद्यात टिकली असतील आणि हा दृष्टिदोष घराण्यात चालत आल्यामुळे धंदाही घराण्यात राहिला असेल. त्यांनी हे सिद्ध झाले असे म्हटले नाही. अनुमान म्हणूनच मांडले. पण 'हरवलेल्या भिंगां'पेक्षा हे अनुमान आपल्याला तपासून पाहता येते. सुईत दोरा ओवायची स्पर्धा लावा आणि चष्मा काढून ओवणारा मुलगा किती पुढे जातो ते पाहा.

शिवाय भोक पाडताना ते डोळ्यांनी दिसत नसतेच. तिथे कारागीर हाताला लागणाऱ्या धक्क्यावर आणि कानाला येणाऱ्या आवाजावर चालतो. हे कौशल्य भिंगापेक्षा जुने आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

कोनाड्यातला दिवा

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये गोवळकोंड्याच्या हिऱ्यांच्या खाणींपर्यंत आला होता. १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात एक नोंद आहे. युरोपातले व्यापारी कच्चा हिरा दिवसाच्या उजेडात पाहतात, पण हिंदुस्थानातले व्यापारी तो रात्री पाहतात. भिंतीत फूटभराचा कोनाडा करतात, त्यात जाड वातीचा दिवा ठेवतात आणि हिरा बोटांत धरून त्या उजेडात त्याचे पाणी आणि आतले डाग पारखतात.

आज रत्नपरीक्षक काळ्या पार्श्वभूमीवर रत्न धरून बाजूने प्रकाश टाकतात. त्यामुळे आतला कण किंवा चीर अंधारात काजव्यासारखी चमकते. कोनाड्यातल्या दिव्यामागचे तत्त्व हेच. आजूबाजूला काळोख, एकाच दिशेने उजेड. भिंग विकत घेण्याआधी हा धडा घ्यावा: प्रकाश चुकीचा असेल तर उत्तम भिंगही आंधळे असते.

भिंग सुधारत गेले

भिंगातून जाणाऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर विचार अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने केला. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे बनू लागले. आपल्याकडे चष्मा केव्हा आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी घेतला. विजयनगरच्या काळातले व्यासराय यांच्या चरित्रात, म्हणजे १५२० च्या सुमारास, चष्मा लावून वाचण्याचा उल्लेख असल्याचे त्यांनी दाखवले.

भिंगाला खरी प्रतिष्ठा दिली ती एका कापडव्यापाऱ्याने. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा अँटनी व्हॅन लेव्हेनहूक (१६३२–१७२३) कापडाच्या व्यवसायात होता. त्या धंद्यात धागे मोजून कापडाची प्रत ठरवायला भिंग वापरत. तगरहून तलम कापड भडोचला जात असे, तेव्हा त्याची पारख बोटांच्या चिमटीत होत असणार. सुमारे सोळाशे वर्षांनी त्याच कामाला भिंग आले. लेव्हेनहूकने स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जिवाणू पाहिले. त्याच्या शिल्लक राहिलेल्या भिंगांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. पण ते डोळ्याला अगदी चिकटवावे लागते आणि वस्तूही भिंगाला जवळजवळ टेकवावी लागते.

इथे एक अडचण पुढे आली. साध्या एकेरी भिंगाला दोन जन्मजात दोष असतात. एक रंगाचा: निळा प्रकाश जास्त वळतो, तांबडा कमी, त्यामुळे वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. दुसरा गोलाईचा: भिंगाच्या कडेचे किरण आणि मधले किरण एका ठिकाणी मिळत नाहीत, त्यामुळे मधला भाग स्पष्ट आणि कडा पुसट राहते. रंग पारखणाऱ्या जवाहिऱ्याला हे दोन्ही दोष परवडणारे नाहीत. बिनरंगी हिऱ्याच्या कडेला भिंगानेच रंग चढवला तर त्याने किंमत सांगावी कशी?

इंग्लंडमध्ये जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये दोन वेगवेगळ्या जातींच्या काचा जोडून रंगदोष घालवणाऱ्या भिंगाचे पेटंट घेतले. १८१२ मध्ये वोलॅस्टन यांनी दोन अर्धगोल भिंगांच्या मध्ये छिद्राची चकती ठेवून कडेचे किरण अडवले. १८२९ च्या सुमारास कॉडिंग्टन यांचे कंबरेत खाच पाडलेले भिंग लोकप्रिय झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या श्टाइनहाइल यांनी तीन काचा चिकटवून एक भिंग केले. मध्ये क्राउन काच, दोन्ही बाजूंना फ्लिंट काच. आज चांगल्या जवाहिऱ्याच्या खिशात असते ते हेच 'ट्रिपलेट' किंवा तिहेरी भिंग.

त्याची गरजही लवकरच वाढली. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हर्नई यांनी भट्टीत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. रासायनिकदृष्ट्या ते माणिकच. वजन, काठिण्य, रंग सारे तेच. फरक दिसतो तो आत: भट्टीतल्या माणकात गोल बुडबुडे आणि ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा असतात, तर खाणीतल्या माणकातल्या वाढीच्या रेषा सरळ असतात. पारख आता वरच्या तेजावर न राहता आतल्या खुणांवर आली.

दहापटच का?

भिंगाचे विशालन काढायचे सोपे सूत्र आहे: २५ सें. मी. ला नाभीय अंतराने भागावे. नाभीय अंतर १० सें. मी. असेल तर अडीचपट. शाळेचे हातभिंग साधारण या जातीचे. २.५ सें. मी. असेल तर दहापट. वीसपटीला ते सव्वा सें. मी. होते आणि तीसपटीला जेमतेम ८ मि. मी.

आकडा वाढला की तीन गोष्टी कमी होतात. वस्तू आणि भिंग यांच्यात जागा उरत नाही, त्यामुळे उजेड आत शिरत नाही. एका वेळी दिसणारा भाग लहान होतो. आणि खोली नाहीशी होते, म्हणजे मण्याचा एक कण स्पष्ट दिसला तर त्याच्या केसभर मागचे सारे पुसट. हाताच्या नैसर्गिक थरथरीने तो कणही निसटतो.

नुसत्या डोळ्याला २५ सें. मी. वर साधारण ०.०७ मि. मी. अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. दहापट भिंगाने हे अंतर ०.००७ मि. मी. होते. दगडाची पारख करायला ते पुरते आणि हातही स्थिर राहू शकतो. म्हणून विसाव्या शतकात हिऱ्याच्या व्यापाराने दहापट हेच माप ठरवून घेतले. 'निर्दोष' हिरा म्हणजे जाणकाराला दहापट, दोषमुक्त भिंगातून दोष न दिसणारा हिरा. वीसपटीत पाहिले तर कदाचित त्यातही काही दिसेल. म्हणजे 'निर्दोष' हा शब्द हिऱ्याबद्दल जितके सांगतो तितकेच भिंगाबद्दलही सांगतो. मोजमापाचे साधन ठरल्याशिवाय मोजमापाला अर्थ नसतो, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

भिंग घेताना

हे सगळे कळण्याआधी आम्ही फसलो होतो, तेही सांगितले पाहिजे. शहरातल्या एका दुकानातून आम्ही चकचकीत चौकटीवर '३०×' असा शिक्का असलेले भिंग घेतले. घरी मोजले तर ते जेमतेम दहापट भरले आणि कडेला इंद्रधनुष्य होते ते वेगळेच. तेच घेऊन आम्ही तेरच्या संग्रहालयात गेलो. तिथे दुसरी चूक कळली. मणी काचेच्या कपाटात होते आणि दहापट भिंगाला वस्तू अडीच सें. मी. वर लागते! शेवटी सोबतच्या शिक्षकांचे वर्तमानपत्र वाचायचे दोनपट भिंग कामाला आले. तेव्हा भिंग निवडताना पहिला प्रश्न 'किती पट' हा नसून 'कशासाठी' हा आहे.

मणी किंवा खडा हातात घेऊन पाहायचा असेल तर दहापट, तिहेरी, १८ ते २० मि. मी. व्यासाचे, काळ्या चौकटीचे भिंग घ्यावे. चकचकीत किंवा सोनेरी चौकटीचा रंग खड्यात उतरतो. घेण्याआधी तीन चाचण्या कराव्यात.

पहिली चाचणी पटीची. भिंगातून एका डोळ्याने मोजपट्टी पाहावी आणि दुसऱ्या डोळ्याने २५ सें. मी. अंतरावर ठेवलेली दुसरी मोजपट्टी. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर येतात. आतला १ मि. मी. बाहेरच्या किती मि. मी. एवढा दिसतो ते मोजावे. दहा असेल तर भिंग दहापट. थोड्या सरावाने हे जमते. दुसरी चाचणी गोलाईची. आलेखाचा कागद पाहावा. कडेच्या रेषा वाकलेल्या किंवा पुसट दिसल्या तर भिंग परत द्यावे. तिसरी रंगाची. पांढऱ्या कागदावरची छापील काळी रेघ पाहावी. तिच्या काठाला निळी-तांबडी झालर दिसू नये.

पाहण्याचीही रीत आहे. भिंग डोळ्याजवळ धरावे आणि वस्तू भिंगाजवळ आणावी, उलटे नव्हे. दोन्ही हात एकमेकांना टेकवावेत, कोपरे टेबलावर ठेवावीत, दुसरा डोळा उघडा ठेवावा. उजेड बाजूने यावा, मागे काळा कागद असावा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये आणि भिंग उन्हात उघडे ठेवू नये. त्याने कागद पेटतो.

सरावासाठी जुना मणी लागत नाही. घरातली आजीची माळ, बाजारातल्या बांगडीचा तुकडा, नदीतली गारगोटी पुरते. काचेत गोल किंवा लांबट बुडबुडे दिसतात. मणी काचेची नळी ओढून आणि तिचे तुकडे करून केलेला असेल, तर बुडबुडे भोकाला समांतर लांबलेले असतात. सळईभोवती काच गुंडाळून केलेला असेल, तर रेषा भोकाभोवती फिरतात. अकीकात बुडबुडे नसतात. ढगाळ रंग किंवा बारीक पट्टे असतात आणि भोकाच्या कडेला शिंपल्याच्या आकाराच्या टवक्या उडालेल्या दिसतात. प्लास्टिकच्या मण्यावर साच्याची शिवण दिसते.

भिंगाला न दिसणारे

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मणी किती जुना? खंभातला कारागीर आजही अकीक तापवतो, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टवके काढतो आणि हिऱ्याच्या कणीने भोक पाडतो. त्याचा मणी आणि तगरच्या बाजारातला मणी दहापट भिंगाखाली शेजारी ठेवले, तर केवळ घडणीवरून दोघांच्या वयात दोन हजार वर्षांचे अंतर आहे हे सांगणे अवघड आहे. आजच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचीही हीच गत आहे. खाणीतल्या हिऱ्यापासून ते वेगळे ओळखायला साध्या भिंगाने भागत नाही, यंत्रे लागतात.

मण्याचे वय सांगते ती त्याच्याभोवतीची माती. तो कोणत्या थरात होता, सोबत कोणते खापर होते, नाणे होते का, वरचा थर कोणता, खालचा कोणता, यावरून काळ ठरतो. मणी उचलून खिशात टाकला की मणी उरतो, पण त्याचे साक्षीदार जातात. लामतुऱ्यांनी वस्तू जपल्या नसत्या तर कितीतरी ठेवा आज दिसला नसता, हे खरे. पण थर वाचण्याची विद्या आपल्या हाती आल्यावर पांढरी उकरणे म्हणजे न वाचलेल्या पुस्तकाची पाने फाडणे होय. प्राचीन वस्तूंच्या व्यवहाराला १९७२ चा कायदा आहे, हेही मुलांना सांगावे.

म्हणून पुढच्या पावसाळ्यात एखाद्या मुलाने मूठ उघडली, तर त्याला रागावू नये. मणी भिंगाखाली सगळ्या वर्गाला दाखवावा. दगड की काच, भोक एका बाजूने की दोन्ही बाजूंनी, हे मुलांनाच ठरवू द्यावे. मग त्या मुलाला घेऊन जागेवर जावे. कोणत्या टेकाडाचा, कोणत्या अंगाचा, ओढ्याच्या काठापासून किती पावलांवर, हे वहीत नकाशा काढून लिहावे, तारीख घालावी आणि नोंदीसह मणी संग्रहालयाकडे द्यावा. आणि पुढच्या वेळी मणी जिथे दिसेल तिथेच राहू द्यायचा, फक्त नकाशा आणायचा, असे मुलांशी ठरवून टाकावे. तसे झाले तर त्या मण्याचे वय पुढे कोणालातरी काढता येईल.